सरकून घ्या

काउंटरवरच्या बाईंनी ते गाणं लावलं तेव्हा मी एका आजोबांच्या उजव्या कानात डोकावत होतो. कानात डोकावताना डोळा गुंतलेला असतो, हात गुंतलेले असतात, तोंड बंद असतं. त्यामुळे स्वतःचे कान मोकळे सुटतात आणि दाराबाहेरचं सगळं आत येतं. बाहेरच्या खोलीत सात खुर्च्या आहेत. त्या वेळी पाचांवर माणसं होती, त्यातल्या तिघांना धड ऐकू येत नाही, म्हणजे ते गाणं खरोखर ऐकणारे बाई धरून तीन आणि मी चौथा. मी असाच मोजतो. बायको म्हणते, तुला माणसं दिसत नाहीत, बेरजा दिसतात. असेल. पण बेरीज चुकली की मलाच आधी कळतं, आणि त्या दिवशी गाणं सुरू होऊन मिनिटभर झालं असेल नसेल, मी एकदम दचकलो. जिन्यात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच निघावी, तसं. "दुखलं का हो?" मी आजोबांना विचारलं. "काय म्हणालात?" आजोबा म्हणाले. दुखलं मला होतं.

गाणं काडीचं होतं. काडी म्हणजे माझा मित्र. कॉलेजात इतका बारीक होता की फोटोत त्याला शोधावं लागे. आता पोट सुटलंय, तरी नाव काडीच राहिलं. बेचाळिसाव्या वर्षी त्याचा पहिला अल्बम येत होता. आठ गाणी, सगळी कॉम्प्युटरवर रचलेली, गाणारं कुणी नाही. एक गाणं आधी बाहेर आलं होतं, उरलेली सात तीन आठवड्यांनी येणार होती. ते पहिलं गाणं मी मुद्दामच ऐकलं नव्हतं. रोज उद्या ऐकू म्हणत होतो, आणि माझे उद्या पुष्कळ असतात. "छान केलंय हो तुमच्या मित्राने," बाई दारातून म्हणाल्या, "मधेमधे श्वास घेतल्यासारखं वाटतं." "कोण श्वास घेतं?" "आता कोण म्हणजे? गाणंच." बाईंचा संगीताशी संबंध एवढाच की वेळ जात नाही म्हणून त्या काहीतरी लावून ठेवतात. पण नेमकं बोट त्यांनीच ठेवलं. गाणं श्वास घेत होतं, आणि कुठे घ्यायचा ते त्याला कुणीतरी सांगत होतं, आणि ते कुणीतरी मला ओळखीचं वाटत होतं, आरशात पाठ दिसावी तेवढंच ओळखीचं.

नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून गाणी केली. आमच्या घरातली मागची खोली, रविवारची सकाळ, त्याचा कॉम्प्युटर आणि माझा बिस्किटांचा रिकामा डबा. सूर, स्वर, ते लांबत जाणारे धुकट आवाज, सगळं त्याचं. माझा फक्त ठोका. मी डब्यावर चार बोटांनी वाजवायचो, तो ते रेकॉर्ड करून त्या जागी दणदणीत ढोलासारखा आवाज बसवायचा. माझा तिसरा ठोका जरा मागे पडतो. किंचित, घड्याळाला कळेल, माणसाला कळणार नाही. पहिल्या वर्षी काडीने तो पडद्यावर चिमट्याने धरल्यासारखा जागेवर आणून बघितला, ऐकला, आणि तोंड वाकडं केलं. "कवायत झाली रे ही. राहू दे तुझा लंगडा." बायको स्वयंपाकघरातून ओरडली होती, "जेवायलाही तिसऱ्या हाकेलाच येतो तो, त्यात नवल काय!" काडी इतका हसला की त्याने तिचं ते ओरडणंही रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्या खोलीतलं काय काय त्याच्याकडे असेल. मला त्या रविवारांमधून काय मिळालं असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. सहा दिवस मी लोकांना ऐकू येतं की नाही ते तपासत असे, सातव्या दिवशी मला ऐकू येत असे, एवढंच.

मग दोन वर्षांपूर्वी त्याने मला एका कॅन्टीनमध्ये बोलावलं. घरी न बोलता कॅन्टीनमध्ये, त्यातच मी अर्धं समजलो. कागदी रुमालाची घडी घालत, उलगडत, पुन्हा घालत तो म्हणाला की एक कंपनी अल्बम काढायला तयार आहे, पण त्यांना एकच नाव हवंय. "दोघं म्हटलं की लोक गोंधळतात म्हणे." मी म्हणालो, "बरं." "आणि हे बघ डॉक्टर," काडी मला डॉक्टर म्हणतो, मी डॉक्टर नाही हे त्याला पक्कं माहीत असूनही, किंवा म्हणूनच, "तुझा एकही आवाज मी त्यात ठेवणार नाही. एकही. सगळं नव्याने करीन. मी तुझ्या जिवावर उड्या मारल्या असं तुला कधी वाटायला नको." मी पुन्हा "बरं" म्हणालो. लोक आपल्या बहिरेपणाची दुःखं सांगतात तेव्हाही मी "बरं" म्हणतो. तोंडात बसलाय शब्द. घरी आल्यावर बायको भडकली. "बरं काय, बरं? भांडायचं तरी!" मी म्हणालो, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, "प्रामाणिकपणे घराबाहेर काढलं की बाहेर ऊन लागत नाही का?" मला लागत होतं. पण त्याचबरोबर त्याच्या त्या एकही-एकहीचं मला कौतुकही वाटत होतं. गेली दोन वर्षं काडीबद्दल मनात काही कडू आलं की मी ते वाक्य काढून त्याच्यापुढे ठेवत असे. माणसाने शब्द तर पाळला. किती जण पाळतात? मी ओळखीचे लोक मोजत असे आणि तिनापुढे जात नसे.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी तपासणीच्या खोलीत जाऊन बसलो. ही खोली म्हणजे जाड भिंतींचं कपाटच. दार लावलं की बाहेरचं जग विझतं आणि आपल्याच गिळण्याचा आवाज येऊ लागतो. इथे मी लोकांच्या कानावर हेडफोन चढवतो, बाहेरून बटण दाबून बारीक बारीक सूर सोडतो. ऐकू आला की त्यांनी बोट वर करायचं, मी तक्त्यावर उजव्या कानाला गोल आणि डाव्या कानाला फुली मारायची. ते हेडफोन खोटं बोलत नाहीत. मी काडीचं गाणं त्यांतून ऐकलं, पहिल्यांदा नीट, डोळे मिटून. ठोका नव्हता. शब्दाला जागून त्याने खरंच तो काढला होता. नुसते सूर, पसरट, गोड. पण ते सूर ठरावीक जागी खाली बसत होते आणि पुन्हा उठत होते. कॉम्प्युटरवरच्या गाण्यांत एक युक्ती असते. ढोलाचा ठोका पडला की बाकीचे सूर क्षणभर दाबायचे, म्हणजे ठोक्याला जागा मिळते. ठोका सरला की ते आपोआप वर येतात. बाकावर एखादा जाडजूड माणूस येऊन "सरकून घ्या" म्हणतो आणि सगळे सरकतात, तसं. आता गंमत अशी की तो ठोका मुका करता येतो आणि सरकणं तसंच चालू ठेवता येतं. माणूस दिसत नाही, त्याचा आवाज नाही, तरी बाक सरकतोय. अशा मुक्या ठोक्याला धंद्यात भूत म्हणतात. मी मांडीवर बोटं टेकवली. बोटं त्या खड्ड्यांत पडत गेली. एक. दोन. तिसरं बोट जरा उशिरा पडलं, आणि तिथला खड्डाही उशिराच आला. चार.

मी तीनदा ऐकलं. तीनदा बोटं बरोबर पडली. त्या जाड भिंतींच्या कपाटात बसून मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. चोरून माझा ठोका वापरला असता तर मी आरडाओरडा केला असता. खरंच पुसून टाकला असता तर, पुसला म्हणून गप्प बसलो असतो. बसलोच होतो की दोन वर्षं. पण याने मला काढलं नव्हतं. तोंड बांधून कामावर ठेवलं होतं. आणि वर दिलेला शब्द अक्षर न अक्षर पाळला होता, 'एकही आवाज'. वकिलानेही इतका नीट पाळला नसता. सगळ्यांत वाईट म्हणजे माझं ते वाक्य गेलं. आता मनात कडू आलं की पुढे काय ठेवायचं? मला काय हवं होतं ते त्या कपाटात मी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. नाव हवं होतं. मोठं नको, वर नको. खाली, बारीक अक्षरात, भिंग लावून वाचावं लागेल असं. ठोका : अमुक. एवढं असतं तर मी आयुष्यभर त्याची पाठ थोपटली असती.

संध्याकाळी मी फोन केला. "अरे, मीच करणार होतो!" काडी म्हणाला. "उद्या येतो दवाखान्यात. एक कागद आहे." "कसला?" "काही नाही रे, फॉर्मॅलिटी. कंपनीला लागतो. सही केलीस की झालं."

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो आला. बाई डबा घेऊन मागच्या खोलीत गेल्या होत्या. त्याने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, कागद त्यावर ठेवला आणि पेन कागदावर, असं तीन मजली बांधकाम केलं. मी वाचलं. 'सदर ध्वनिसंग्रहात माझा कोणताही आवाज नाही व त्याच्या निर्मितीत माझा कोणत्याही प्रकारे हात नाही.' रोज मी कुणाला किती ऐकू येतं त्याच्या दाखल्यांवर सह्या करतो. अशी वाक्यं मला नवी नाहीत. "खरंय ना?" काडी म्हणाला. "तुझा आवाज ऐकू येतोय का कुठे?"

"आवाज नाही येत."

"मग?"

"सगळे सरकतायत, काडी."

तो खुर्चीत मागे टेकला. खोटं सांगायला निघालेला माणूस आधी नाक खाजवतो. याने खाजवलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने मोजलं. "कळलं तर तुला," तो म्हणाला. "किती गाण्यांत?" "पाच." "आठातल्या पाच!" "काढून बघितलं रे. आई शपथ, दहादा काढून बघितलं. मरतं गाणं." "मग नाव घाल की माझं." "आता? नावं छापून झालीत सगळी, गाणी तेवढी बदलता येतात अजून, बाहेर आलेलंही. आणि काय लिहू? ऐकू न येणारा ठोका, अमुक? लोक हसतील, डॉक्टर." मी म्हणालो, "हसू देत." तो म्हणाला, "कंपनी नाही हसणार." मागच्या खोलीतून बाईंच्या डब्याचं झाकण टेबलावर पडल्याचा आवाज आला आणि बाई स्वतःशीच "अगं बाई" म्हणाल्या. मी कागद त्याच्याकडे ढकलला. "मग काढ. आत्ता. माझ्यासमोर. मुका नको करू, काढून टाक. मग करतो सही."

त्याने काढलं. एका बटणाचं काम. गाणं लावलं. सूर तेच, गोडवा तोच, आणि सगळं भिंतीला लावलेल्या रंगासारखं सपाट. कुणी सरकेना, कुणाला कुणासाठी जागा करायची गरज पडेना. बघ, असं तो म्हणाला नाही. मला मात्र वाटलं की आता तरी म्हणेल, राहू दे, नाव घालतो. त्याने खांदे उडवले. "हाताने काढतो मग." "काय?" "ते वरखाली. तुझा ठोका नको, रेघ काढायची नुसती. इथे खाली, इथे वर." आणि माउस धरून पडद्यावर तो रेघ काढू लागला, खड्डा, चढ, खड्डा, चढ. मला माहीत नव्हतं असं नाही, पण कधी मनात आलं नव्हतं. नऊ वर्षांच्या रविवारांची एक रेघ होते, आणि ती अर्ध्या तासात काढता येते. त्याने वाजवून दाखवलं. तिसरा खड्डा अगदी घड्याळात होता. "मागे," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "मागे का?" त्याने सरकवला. "फार मागे गेला आता." पुन्हा सरकवला. "अरे, आता तर पुढे आला! ऐक की जरा." काडीने कपाळाला आठ्या घातल्या, कान लॅपटॉपजवळ नेला, पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकला. "नाही जमत बुवा. कसा पडतो तो तुझा लंगडा?" मी टेबलावर वाजवून दाखवलं. "असा. आधी वाट बघायची, वाट बघतोय हे विसरायचं, मग पडायचं." "तू कर ना," तो म्हणाला आणि उठून खुर्ची मला दिली.

मी बसलो. का बसलो ते विचारू नका. बायकोने संध्याकाळी विचारलं तेव्हाही मला सांगता आलं नाही. चुकीच्या जागी पडलेला तो खड्डा मला बघवत नव्हता, बस. मी तो नीट केला. मग पुढच्या गाण्यातला. पाचही गाणी केली. काडी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभा होता, "अरे वा", "हां, हां", "बास, हलवू नको आता" असं चाललं होतं त्याचं; चौथ्या गाण्यात मी काही केलं आणि सूर असे अलगद बसले की दोघंही एकदम हसलो. बाई दारातून डोकावून म्हणाल्या, "पेशंट हसतायत वाटलं मला." चाळीस मिनिटं. दोन वर्षांतली मला आवडलेली चाळीस मिनिटं मोजायची झाली तर ती हीच. आमच्या घरातल्या त्या मागच्या खोलीसारखीच ही खोली वाटायला लागली होती. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि कागद पुन्हा पुढे केला.

मी दुसऱ्यांदा वाचलं. "काडी, हे खोटं झालं आता." "काय?" "हात नाही म्हणून लिहिलंय. तासापूर्वी मी सही केली असती तर निदान अर्धं खरं होतं. आवाज होता मुका, पण हात काही इथे नव्हता. आता आवाज गेला आणि हात आला." तो हसला. मी पण हसलो. विनोद माझाच होता. मग हसू संपलं आणि कागद तिथेच होता. "कर ना रे," काडी म्हणाला. अगदी साधं. बेचाळीस वर्षांच्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंय आणि ते एका सहीवर अडलंय, हे सगळं त्या रे-मध्ये होतं. अठरा वर्षांत मी एकाही खोट्या दाखल्याखाली सही केलेली नाही. लोकांनी पाया पडून मागितले, धमकी देऊन मागितले. पण त्यांतला कुणी माझ्या खुर्चीमागे उभा राहून चाळीस मिनिटं हसला नव्हता. मी सही केली. खाली तारीख घातली, वेळ घातली. काडीने शाई वाळायला कागद हवेत हलवला, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गेला.

साडेतीनला एक माणूस आला. कारखान्यातला सुपरवायझर, पन्नाशीचा. यंत्रांच्या आवाजाने कान गेले म्हणतो, दाखला हवाय, बसून करायचं काम मिळेल म्हणतो. मी त्याला कपाटात बसवलं, हेडफोन चढवले, सूर सोडू लागलो. पहिल्या फेरीत सूर साठ डेसिबलपर्यंत मोठा केल्यावर त्याने बोट वर केलं. दुसऱ्या फेरीत पंचेचाळीसला. तिसऱ्यात एकदम सत्तराला. मी मनाशी म्हटलं, झालं. हे आम्ही नव्या लोकांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. ज्याला खरंच ऐकू येत नाही तो दर वेळी त्याच जागी चुकतो. त्याच्या कानाची भिंत जिथे आहे तिथेच असते, कितीदाही डोकं आपटा. जो ऐकू येत असून नाही म्हणतो त्याच्या चुका फिरतात. मागच्या वेळी कुठे खोटं बोललो ते त्याला आठवत नाही, म्हणून तो एकदा इथे चुकतो, एकदा तिथे. मी तक्त्यावर तिसरा गोल काढायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. एकदा अगदी घड्याळात. मग फार मागे. मग पुढे. नऊ वर्षं रोजच्या जेवणासारखा ऐकलेला ठोका, चिमट्याने धरून तपासलेला, 'लंगडा' असं नाव ठेवलेला. आणि काडीची तीन वेळा तीन ठिकाणी चूक, कपाळाला आठ्या घालून.

काचेपलीकडे सुपरवायझर माझ्याकडे बघत बसला होता, पुढचा सूर कधी येतो याची वाट बघत, म्हणजे तो न ऐकण्याची तयारी करत. मी त्याला थांबा अशी खूण केली आणि फोन लावला. काडीने पहिल्याच घंटीला उचलला. मागे रस्ता होता, कुणाचातरी हॉर्न, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मला बोलायचं होतं ते सगळं एकदम दाराशी आलं आणि अडकलं, आणि मी काहीच बोललो नाही. "डॉक्टर?" तो म्हणाला. "काय झालं रे? कागदात काही राहिलं का?" त्याने गाडीची काच वर केली असावी. मागचा रस्ता एकदम नाहीसा झाला, आणि फोनमध्ये आम्ही दोघंच उरलो. मग अगदी हळू, एवढं हळू की माझ्या पेशंटांतल्या कुणालाच ते पोचलं नसतं, काडी म्हणाला,

"बोल ना. येतंय मला ऐकू."